एका तबकडीच्या दोन बाजू

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, अमेरिकी जॅझ गायिका बिली हॉलिडे यांचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ (विचित्र फळ) हे गाणे ऐकून तुम्ही विचारले होते की, बाई गायला लागायच्या आधी वाद्येच इतका वेळ का वाजतात? त्याचे उत्तर फोनवर आटोपण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहिते.

गाण्याचे कवी एबल मीरोपोल हे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील शाळेत शिक्षक होते. १९३० मध्ये इंडियाना राज्यातील मॅरियन गावी जमावाने दोन कृष्णवर्णीय तरुणांना तुरुंगातून ओढून काढले आणि झाडाला लटकवले. त्या प्रसंगाच्या छायाचित्रात वर दोन मृतदेह आहेत आणि खाली कॅमेऱ्याकडे वळून पाहणारी, जत्रेला आल्यासारखी माणसे. ते चित्र मीरोपोल यांच्या मनातून जाईना. झाडाला लटकणारे ते देह हेच गाण्यातले ‘विचित्र फळ’. त्यांची कविता १९३७ मध्ये शिक्षक संघटनेच्या नियतकालिकात छापून आली आणि चालही त्यांनीच लावली. (पुढे आत्मचरित्रात बिली यांनी चालीत आपलाही वाटा असल्याचे लिहिले, मीरोपोल यांना ते मुळीच मान्य नव्हते.)

१९३९ च्या सुरुवातीला हे गाणे न्यूयॉर्कमधील ‘कॅफे सोसायटी’ या नाइटक्लबात पोहोचले, जिथे बिली गात असत. तिथे गोरे आणि काळे एकत्र बसत, आणि त्या काळच्या न्यूयॉर्कमध्येही ही गोष्ट दुर्मीळ होती. मालक बार्नी जोसेफसन यांनी शिस्त घालून दिली होती: गाणे अगदी शेवटी व्हायचे, त्या वेळी वेटरांनी काम थांबवायचे, दिवे मालवून फक्त गायिकेच्या चेहऱ्यावर प्रकाश ठेवायचा आणि कितीही आग्रह झाला तरी तिने पुन्हा मंचावर यायचे नाही. मला हे नाटकी वाटत नाही. पेल्यांच्या किणकिणाटात हे गाणे ऐकवणे अधिक विचित्र ठरले असते.

बिली यांचा करार कोलंबिया या तबकड्या काढणाऱ्या कंपनीशी होता. अमेरिकेच्या वर्णभेदी दक्षिण भागातील विक्रेते नाराज होतील या भीतीने कंपनीने गाणे ध्वनिमुद्रित करण्यास नकार दिला, मात्र एका सत्रापुरते दुसरीकडे गाण्यास मोकळीक दिली. हा बाणेदारपणा नव्हे, निव्वळ अंग काढून घेणे होते. ती जोखीम पत्करली मिल्ट गेबलर यांनी. त्यांचे ‘कमोडोर’ नावाचे तबकड्यांचे दुकान होते आणि त्याच नावाची छोटी कंपनीही होती. बिली यांनी साथीशिवाय गाऊन दाखवले, तेव्हा गेबलर यांच्या डोळ्यांत पाणी आले.

२० एप्रिल १९३९ रोजी ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा बिली अवघ्या चोवीस वर्षांच्या होत्या. कविता जेमतेम बारा ओळींची, तर मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. गाणे तोकडे पडेल म्हणून गेबलर यांनी पियानोवादक सनी व्हाइट यांना उत्स्फूर्तपणे प्रस्तावना वाजवायला सांगितले. बाबा, तुमच्या शंकेचे मूळ हे! बिली यांचा आवाज सुमारे सत्तर सेकंदांनंतर येतो, आणि तोवर ऐकणारा अस्वस्थ झालेला असतो.

तबकडी खपली, पण वादही ओढवले. अनेक रेडिओ केंद्रांनी ते गाणे वाजवले नाही. मीरोपोल यांना तर चौकशी समितीने विचारले की, या गाण्यासाठी कम्युनिस्ट पक्षाने तुम्हाला पैसे दिले होते का?

खपाचे थोडे श्रेय मात्र दुसऱ्या बाजूला द्यायला हवे. तिच्यावर ‘फाइन अँड मेलो’ हे प्रेमातल्या तक्रारीचे ब्लूज गाणे होते आणि ज्यूकबॉक्सवर (नाणे टाकून गाणे ऐकवणाऱ्या यंत्रावर) ते फार चालले. तेही पाठवत आहे. आईला बहुधा तेच आवडेल. त्या काळच्या पुष्कळ गिऱ्हाइकांनाही तेच हवे होते.

तुमची,
मीनल