'अंगावर पुरळ, खाज, कृपया पाहावे'

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

तुम्ही त्वचारोगतज्ज्ञ म्हणून तुमच्याकडे रुग्ण पाठवताना लिहिलेल्या माझ्या पहिल्या चिठ्ठीत एवढे पाचच शब्द होते. रुग्ण तीच चिठ्ठी घेऊन परत आला आणि मागच्या बाजूला तुमच्या अक्षरात प्रश्न होते: 'सपाट की उंच? कडा कशी? सुरुवात कुठून? बोट फिरवून पाहिलंत का?' रागच आला मला. रोगाचं नाव कळलं असतं तर पाठवलं कशाला असतं! तुम्ही नाव विचारलंच नव्हतं, हे लक्षात यायला बराच वेळ लागला.

मग तुम्ही सुटीच्या दिवशी मला तुमच्या ओपीडीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू दिलंत. 'सोरायसिस वाटतोय' असं म्हटलं की हात वर करून थांबवायचात. 'नाव नंतर. फोनवर समोरच्याला काहीच दिसत नाही, असं धरून सांगा.' डाग डोळ्यांना दिसतो पण बोटाला लागत नाही, तो मॅक्यूल. बोटाला लागणारा, एक सेंटिमीटरच्या आतला घट्ट उंचवटा, तो पॅप्यूल. त्याहून मोठा आणि पसरट, तो प्लाक. फोड असेल तर आत पाणी की पू, तेही सांगायचं. मी 'लाल चट्टा' म्हणालो की तुमचा प्रश्न ठरलेला: 'कोणत्या रंगाच्या कातडीवर?' सावळ्या त्वचेवर लाली जांभळट किंवा तपकिरी दिसते, आणि मी पुस्तकातल्या गोऱ्या कातडीवरचा लाल रंग शोधत बसायचो.

काच दाबून पाहायलाही तिथेच शिकलो. दाबल्यावर डाग फिका पडला नाही, तर रक्त वाहिन्यांबाहेर आलेलं असतं. मग वाट पाहायची नाही. अंगावर गांधी उठलेल्या मुलाच्या एका गांधीभोवती तुम्ही पेनने रेघ काढलीत आणि वेळ लिहिलीत. दुसऱ्या दिवशी रेघ होती, आतली गांध नव्हती, नव्या मात्र भलतीकडेच उठल्या होत्या. चोवीस तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते ती गांध, हे मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

पण खरे आभार त्या कमरेवरच्या चट्ट्यासाठी. मी त्याला इसब म्हटलं आणि स्टेरॉइडचं मलम दिलं. आठवड्यात खाज थांबली, रुग्ण खूश, मीही खूश. महिन्याभरात चट्टा मांडीपर्यंत उतरला, आणि आता त्याला ना धड कडा होती ना गोल आकार. तुम्ही रागावला नाहीत. कडेची खपली खरवडून काचपट्टीवर घेतलीत, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकलात आणि मला सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला लावलंत. फांद्या फुटलेले बुरशीचे धागे! 'गजकर्णच होतं. तुमच्या मलमाने त्याचा चेहरा पुसला.' पहिल्याच दिवशी मी 'कडा उंच, खपल्या कडेलाच, मध्यभाग निवळलेला' असं लिहिलं असतं, तर लिहितालिहिताच हात थांबला असता.

विल्यन नावाच्या इंग्रज डॉक्टरने अठराव्या शतकाच्या शेवटी त्वचारोग असेच, दिसणाऱ्या रूपावरून, आठ गटांत लावले, हेही तुम्हीच सांगितलंत. तोवर मला ही तुमची खासगी शिस्त वाटत होती.

आता माझे हात आपोआप चालतात. रात्री वाढणारी खाज असेल तर आधी बोटांच्या बेचक्या आणि मनगटं पाहतो, घरात आणखी कोण खाजवतंय ते विचारतो. खरजेचं औषध सगळ्या घराला एकाच वेळी द्यावं लागतं. फिकट चट्टा दिसला की कापसाची वात फिरवतो. कोडाच्या पांढऱ्या डागावर स्पर्श कळतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर तो अनेकदा कळत नाही. परवा एका बाईंच्या बरगडीवर, दोन दिवस आग झाल्यानंतर, पाण्याच्या फोडांचे घोस उठले होते: एकाच बाजूला, पाठीपासून पुढे येऊन छातीच्या मध्यरेषेवर थांबलेले. नागीण. फोड त्याच सकाळी उठले होते, म्हणजे बहात्तर तासांच्या आत औषध सुरू झालं.

उद्या एक रुग्ण पाठवतोय. डाव्या पोटरीवर एकच तीळ, आठ मिलिमीटर, कडा वेडीवाकडी, दोन रंग, तीन महिन्यांत वाढलेला. चिठ्ठीत नाव लिहिलेलं नाही, पण त्याला उद्याच पाहाल ना?

आपला,
कोपऱ्यातल्या स्टुलावरचा विद्यार्थी