माग जळणात घालू नका, आम्हाला द्या

सोलापूरच्या पूर्व भागात जुने घर पाडायला काढले की सगळ्यात आधी अडगळ ठरतो तो आजोबांचा हातमाग. सागवान सुताराकडे जाते, लोखंड भंगारवाल्याकडे, आणि धागे ओळीत धरणारी फणी, आडवा धागा नेणारे धोटे, नक्षी उठवणाऱ्या जकार्डचे भोकांचे पुठ्ठे उकिरड्यावर. आमची विनंती आहे की माग मोडण्याआधी आम्हाला एक निरोप द्या.

समाजमंदिराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोन खड्डामाग (खड्ड्यात पाय सोडून चालवायचे माग) बसवत आहोत, एक साधा आणि एक जकार्डचा. ते शोभेला ठेवायचे नाहीत. त्यांवर कापड निघेल आणि विसाच्या आतबाहेरची मुले-मुली शिकतील.

हे माग ज्यांचे, ती पद्मशाली समाजाची विणकर माणसे आजच्या तेलंगणातल्या करीमनगर, नलगोंडा, मेदक, महबूबनगर, वरंगळ या भागांतून आली. १८७७ साली सोलापूरची जुनी मिल ही कापडगिरणी सुरू झाली, त्याआधीपासून हे येणे चालू होते आणि नंतर ते वाढत गेले. इथे सुताचा बाजार होता, रेल्वे होती. आलेल्या माणसाकडे शेत नव्हते, हातात विद्या तेवढी होती. भाड्याच्या खोलीत जमीन खणून माग बसवला की तेच घर आणि तोच कारखाना. बाप मागावर, आई चरख्यावर आडव्या सुताच्या कांड्या भरायला, आजी सुताचा गुंता सोडवायला, पोरे शाळेतून आली की हाताखाली. मागाला काम नसेल तेव्हा बायकांनी विड्या वळून चूल पेटती ठेवली. अशा घरांतून शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर झाले, त्यामागे हे सगळे हात आहेत.

श्रद्धा तर मागापासून वेगळी काढताच येत नाही. मार्कंडेय ऋषींच्या यज्ञातून भावनाऋषी प्रकटले आणि त्यांनी कमळाच्या देठातल्या तंतूंचे वस्त्र देवांसाठी विणले, अशी पद्मशाली समाजाची धारणा आहे. म्हणून खड्ड्यात पाय सोडण्याआधी मागाला हात लावून नमस्कार करायचा. नारळी पौर्णिमेला नवे जानवे आणि मार्कंडेयांचा रथ, दसऱ्याआधी बायकांचा बतुकम्मा हा फुलांचा सण, खंडेनवमीला धोटा आणि फणी पुसून पूजेला. घरात तेलुगू, बाजारात मराठी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा लौकिक याच घरांनी उभा केला. आज चादरी यंत्रमागावर निघतात आणि हातमाग बहुतेक भिंतीवर लावायच्या विणलेल्या चित्रांपुरता उरला आहे. जकार्डची बांधणी हाताने करू शकणारे विणकर आता सत्तरी ओलांडलेले आहेत. आमची घाई त्यासाठीच आहे.

आता माग काढण्याबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होते.

मागावर जुना ताणा (उभ्या तारा, म्हणजे उभे धागे) असेल तर तो ओढून काढू नका. वहीच्या (तारा वरखाली करणाऱ्या चौकटीच्या) मागे हातभर आणि फणीच्या पुढे हातभर सूत ठेवून कापा, आणि दोन्ही टोकांना गाठी मारा. त्या जुन्या तारांना नव्या ताण्याची तार एकेक करून पिळता येते. बोटांना राख लावून बसलेला जाणकार हे काम नेटाने उरकतो. जुनी तार उपसून टाकली, तर प्रत्येक तार वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून नव्याने ओवावी लागते. आमचा साधा माग ४८ इंची आहे. इंचाला ४० तार धरल्या तर १,९२० तार होतात, चार वह्यांत प्रत्येकी ४८०. एक तार चुकीच्या वहीत गेली तरी कापडात उभी रेघ पडते, आणि ती दिसते तोवर हातभर कापड विणून झालेले असते.

जकार्ड असेल तर त्याच्या दोऱ्यांना कात्री लावायचीच नाही. वरच्या हुकापासून खालच्या वजनापर्यंत प्रत्येक दोरी भोकांच्या पाटीतल्या ठरलेल्या भोकातूनच येते. तो क्रम एकदा विस्कटला की परत लावणारा माणूस मिळणे कठीण. पाटीसकट सगळा जुडगा जुन्या धोतरात गुंडाळून तीन ठिकाणी बांधा आणि तसाच उचला. पुठ्ठ्यांची माळ सोडू नका. आडव्या प्रत्येक धाग्याला एक पुठ्ठा असतो. इंचाला ४० धागे असतील तर सहा इंचांच्या नक्षीला २४० पुठ्ठे लागतात, आणि मधला एक हरवला तर फुलाची पाकळी तिथेच मोडते. ओल आणि उंदीर हे पुठ्ठ्यांचे वैरी. फणीला ओले फडके लावू नका, कारण गंजलेली फणी तार कापत जाते. तिला कोरड्या ब्रशने झाडा आणि मशीनच्या तेलाचा हात फिरवा.

माग जमिनीवर का मांडत नाही, खड्डाच का हवा, असे बरेच जण विचारतात. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो, कोरड्या हवेत सुती ताणा तटातट तुटतो. खड्ड्यातली गार ओल त्याला सांभाळते. पण आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, खांब सरकवते आणि माग तिरका होतो. मग कापडाची एक कड ढिली पडते आणि दोष विणणाऱ्याच्या हाताला लागतो. म्हणून खड्डा तीन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट खोल काढून आतून विटांनी बांधायचा, तळ मात्र मातीचाच ठेवायचा. माग बसवताना दोन्ही कर्ण दोरीने मोजायचे, ते सारखे आले तरच खांब पक्के करायचे.

आम्हाला काय हवे, ते सांगतो. दोन खड्ड्यांना मिळून ३०० विटा, सिमेंट आणि एका गवंड्याचे चार दिवस. चालू स्थितीतले धोटे, ४० नंबरची फणी (एका घरात दोन तार), कांड्या भरायचा चरखा. २/४० नंबरचे (दुपदरी) सुती सूत. पन्नास मीटरच्या एका ताण्याला सुमारे तीन किलो आणि आडव्या धाग्याला जवळपास तेवढेच, म्हणजे एका खेपेला सहा किलो. पहिल्या वर्षी तीन खेपा धरल्या आहेत, म्हणून १८ किलो. सूत रंगीत असले तरी चालेल, पण एका खेपेचे सगळे एकाच लॉटमधले द्या, नाहीतर चादरीत पट्टे उमटतात.

रोख मदत मुख्यतः शिकवणाऱ्यांसाठी आहे. दोन ज्येष्ठ विणकर रोज सातशे रुपयांवर, महिन्याला २६ दिवस, सहा महिने येतील. एकूण २,१८,४०० रुपये. त्यांच्याकडून फुकट शिकवून घेणे आम्हाला मान्य नाही. ज्या हातांनी तीन पिढ्या पोसल्या, त्यांना मोबदला मिळालाच पाहिजे. कोणी एका दिवसाचे चौदाशे दिले तरी त्या दिवशीची पावती आणि विणलेल्या कापडाचा तुकडा दात्याच्या घरी येईल.

ज्यांच्याकडे द्यायला काहीच नाही, पण घरात कांडी भरलेली, सुताला खळ लावलेली आजी आहे, त्यांनी तिला घेऊन या. खळ किती घट्ट असावी हे कागदावर उतरत नाही. पातळ झाली तर सूत पिसारते, जाड झाली तर वाळल्यावर कडक होऊन तुटते. हे तिचे हात अजून सांगू शकतात.

समाजमंदिर रोज संध्याकाळी ६ ते ८ उघडे असते. माग द्यायचा असेल तर फक्त निरोप ठेवा. आमची माणसे येतील, आधी चारही बाजूंनी फोटो काढतील, प्रत्येक लाकडावर खडूने खूण करतील, मगच खिळे काढतील. टेम्पोचा खर्च आमचा. तोवर मागावर प्लास्टिक टाकू नका, आत दमटपणा धरतो. जुनी चादर पुरेशी आहे.