ब्रूटस म्हणजे केवळ गद्दार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुणी पक्ष सोडला, कुणी आपल्या नेत्याकडे पाठ फिरवली, की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात ‘ब्रूटस’, म्हणजे रोमचा सत्ताधीश सीझर याच्या मारेकऱ्यांपैकी एक, हजर असतो. आपल्याच नव्हे, बहुतेक मराठी दैनिकांत हे चालतं. या वापराला माझी मनापासून हरकत आहे. ज्या नावापुढे रोमन माणूस अभिमानाने मान ताठ करायचा, ते आपण सरसकट गद्दाराच्या कपाळी मारतो आहोत.

पहिला ब्रूटस सीझरच्या साडेचारशे वर्षं आधीचा. लुसियस जुनियस ब्रूटस. रोमचा राजा तार्क्विनियस त्याचा सख्खा मामा. लिव्ही हा इतिहासकार सांगतो की, या मामाने लुसियसच्या भावाला मारल्याचं पाहून त्याने मंदबुद्धीचं सोंग घेतलं आणि ‘ब्रूटस’, म्हणजे जड डोक्याचा, ही हेटाळणी निमूटपणे नाव म्हणून स्वीकारली. राजपुत्रांबरोबर तो ग्रीसमधल्या डेल्फीला गेला. तिथे देववाणी झाली की, जो आईचं चुंबन आधी घेईल तो रोमवर सत्ता गाजवेल. राजपुत्र घरी परतायच्या गडबडीत. ब्रूटस मात्र अडखळल्याचं नाटक करून पडला आणि त्याने भूमातेला ओठ टेकवले. परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये त्याने राजाला हाकललं आणि तो प्रजासत्ताकाच्या पहिल्या दोन कॉन्सलपैकी, म्हणजे सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी, एक झाला. पुढे राजाला परत आणण्याच्या कटात त्याचेच दोन मुलगे सापडले. त्याने त्यांना देहदंड दिला आणि शिक्षा अमलात येताना तो समोर बसून राहिला. यात दंतकथा किती आणि इतिहास किती हा वाद वेगळा, पण रोमन माणसाच्या मनात ‘ब्रूटस’ म्हटलं की हाच माणूस उभा राहायचा.

सीझरला मारणारा मार्कस ब्रूटस स्वतःला याच घराण्याचा वंशज मानत असे. इ.स.पू. ५४ मध्ये त्याने पाडलेल्या नाण्यावर एका बाजूला स्वातंत्र्यदेवता आहे आणि दुसऱ्या बाजूला चालत निघालेला हा पूर्वज. सीझर आजीव हुकूमशहा झाला तेव्हा लोकांनी जुन्या ब्रूटसच्या पुतळ्यावर ‘आज तू हवा होतास’ अशा अर्थाचं लिहिलं, असं प्लूटार्क नोंदवतो. १५ मार्च, इ.स.पू. ४४ च्या त्या खंजिरामागे या नावाचं ओझंही होतं, असं मला ठामपणे वाटतं.

आता ते प्रसिद्ध ‘ब्रूटस, तूसुद्धा?’ स्वेटोनियसच्या मते सीझर पहिल्या वारानंतर फक्त कण्हला, एक शब्दही बोलला नाही; ‘तूसुद्धा, मुला?’ असं तो ग्रीकमध्ये म्हणाला ही त्याने नोंदवलेली ऐकीव गोष्ट. आपल्या ओठांवरचं वाक्य आलं ते इंग्रजी रंगभूमीवरून, शेक्सपिअरच्या १५९९ च्या नाटकामुळे. आणि त्याच नाटकाच्या शेवटी ब्रूटसचा शत्रू अँटनी त्याला सर्व रोमनांत थोर म्हणतो! तो शेवट आपण सोयीस्करपणे विसरतो. मित्राचा गळा कापणाराच हवा असेल तर तो दुसरा, डेसिमस ब्रूटस. सीझरच्या मृत्युपत्रात त्याचं नाव होतं, आणि त्या सकाळी घरीच थांबायला निघालेल्या सीझरला समजावून सभेत नेलं ते यानेच. मार्कस तर यादवीत पाँपीच्या बाजूने सीझरविरुद्ध लढला होता. सीझरने त्याला नंतर माफी दिली.

मार्कस संत नव्हता. सायप्रसमधल्या सलामिस शहराला त्याने माणसं पुढे करून ४८ टक्के व्याजाने कर्ज दिलं होतं, आणि वसुलीसाठी तिथल्या नगरसभेला वेढा पडला तेव्हा पाच सभासद उपासमारीने मेले. हे सिसेरोच्या पत्रांत आहे.

पण म्हणूनच या नावाचा पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. इटालियन कवी दान्तेने मार्कस ब्रूटसला नरकाच्या तळाशी, येशूचा घात करणाऱ्या यहूदाच्या शेजारी सैतानाच्या जबड्यात टाकलं. व्होल्तेअरने १७३० मध्ये थोरल्या ब्रूटसवर नाटक लिहिलं. १७८९ मध्ये दाव्हिदने मुलांचे मृतदेह घरी येत असताना सावलीत बसलेला ब्रूटस रंगवला, आणि क्रांतीच्या काळात फ्रेंच नागरिक हौसेने हे नाव घेऊ लागले. १७८७ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात नव्या अमेरिकी राज्यघटनेविरुद्ध लिहिणाऱ्याने ‘ब्रूटस’ हेच टोपणनाव घेतलं. आणि लिंकनचा मारेकरी जॉन विल्क्स बूथ? त्याच्या नट वडिलांचंच नाव जुनियस ब्रूटस बूथ. नोव्हेंबर १८६४ मध्ये तो भावांसोबत सीझरच्या नाटकात उभा राहिला, पाच महिन्यांनी त्याने लिंकनवर गोळी झाडली, आणि पळून लपलेला असताना डायरीत तक्रार लिहिली की, ज्यासाठी ब्रूटसचा गौरव झाला त्याचसाठी माझ्यामागे लोक लागलेत. गुलामगिरीसाठी लढणाऱ्यानेही या नावाचा आडोसा घ्यावा, याचा मला संताप येतो.

फितूर, घरभेदी, दगाबाज असे रोखठोक शब्द मराठीत आहेत. तिकिटासाठी किंवा मंत्रिपदासाठी उडी मारणाऱ्यांना ते लावावेत. आणि येत्या १५ मार्चला आपल्या रविवार पुरवणीत लुसियस आणि मार्कस या दोन्ही ब्रूटसांवर सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

आपला,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक, मिरज