बंब यायला सव्वा तास

मा. संपादक,
स.न.

उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात दोन-चार दिवसाआड एक बातमी असतेच, आगीत गोठा खाक, जनावरं दगावली, बंब येईपर्यंत सगळं संपलं होतं. चार ओळींची, आतल्या पानावर. मीपण वाचून पान उलटायचो. गेल्या एप्रिलात त्या चार ओळी आमच्याच घरच्या होत्या म्हणून हे लिहितोय, लांबलं तर कापा.

दुपारचे अडीच वाजलेले, चुलतभावाच्या वस्तीवर कडब्याची गंजी पेटली. कशानं पेटली ते अजूनही कळलं नाही. गंजीला लागून पत्र्याचा गोठा, वारं सुटलेलं. पंचवीस पावलांवर विहीर, विहिरीत पाणी, पाण्यात मोटर, सगळं होतं, पण त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची होती त्यामुळं मोटर असून नसल्यासारखी. बादल्या आणि घागरींवर किती विझणार? भाऊ आत शिरला तर म्हशीनं भिऊन एवढे हिसडे दिलेले की दाव्याची गाठ आवळून दगड झालेली, शेवटी विळ्यानं कापलं तेव्हा एक बाहेर आली. दुसरी म्हैस आणि तिची रेडी आली नाही.

पुतण्यानं कुठल्यातरी व्हॉट्सअॅप ग्रुपवरून एका नगरपालिकेच्या अग्निशमनचा नंबर मिळवला. पहिला प्रश्न काय, तर गाव कुठल्या हद्दीत येतं. बंब निघाला, 34 किलोमीटर आला, पाणंदीत अडकत अडकत पावणेचारला वस्तीवर पोचला. तोवर आग विझवली होती शेजारच्या डाळिंबवाल्यानं, फवारणीचा ट्रॅक्टर ब्लोअर घेऊन! 600 लिटरची टाकी, औषध मारायचं नोझल, तेच पाणी गंजीवर मारत तो गोल फिरत राहिला, टाकी संपली की आपल्या शेततळ्यावर पळत. त्या पोराचा सत्कार कुणी केला नाही हे जाताजाता सांगतो.

बंबावरच्या लोकांना मी नावं ठेवणार नाही, तिघंच होते बिचारे, आल्याआल्या पाइप ओढला आणि धुमसणारा कडबा उपसून उपसून विझवला. पण दहा-बारा मिनिटांत गाडीतलं पाणी संपलं आणि ड्रायव्हरनं विचारलं, "पाणी कुठं भरायचं?" आम्ही पंधरा-वीस माणसं उभी होतो, सरपंचसुद्धा होते, कुणालाच सांगता येईना. विहिरीतलं पाणी निघत नव्हतं, ज्या शेततळ्यावर ब्लोअर जात होता तिथल्या बांधावरनं बंब जाईना. माझं सगळं पत्र या एका प्रश्नाबद्दल आहे असं समजा.

मुळात गोची अशी आहे की अग्निशमन हे काम आपल्याकडं शहराचं धरलंय. राज्यघटनेच्या 12 व्या परिशिष्टात नगरपालिकांकडं द्यायच्या 18 विषयांत अग्निशमन आहे, पंचायतींच्या 11 व्या परिशिष्टात 29 विषय आहेत, त्यात नाही. म्हणजे ग्रामपंचायतीनं बंब ठेवावा अशी अपेक्षाच नाही, आणि नगरपालिकेनं हद्दीबाहेर यावं हा तिचा चांगुलपणा. त्यांची गाडी आमच्याकडं तीन तास अडकली आणि तेवढ्यात त्यांच्या बाजारपेठेत आग लागली तर लोक त्यांनाच धरणार ना.

नियम कागदावर चांगले आहेत. केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा निकष ग्रामीण भागात दर 50 चौरस किलोमीटरला एक केंद्र असा आहे. आपला सोलापूर जिल्हा 14,800 चौ.कि.मी.च्या पुढं, म्हणजे जवळपास तीनशे केंद्रं लागतील, ते काही आपल्या नातवंडांच्या हयातीतही होत नाही, सोडून द्या. पण दुसरा निकष कामाचा आहे, गाडी ग्रामीण भागात 20 मिनिटांत पोचली पाहिजे. आपल्या रस्त्यावर, गतिरोधक, उसाच्या ट्रॉल्या, मेंढरं सगळं धरून बंब तासाला 40 च्या वर जात नाही, मग 20 मिनिटांत झाले 13 किलोमीटर. रस्त्याची वळणं वजा करा, सरळ रेषेत 10 धरा. आता जिल्ह्याच्या नकाशावर कंपास घेऊन 10 किलोमीटरची वर्तुळं मारत बसा, मी खरंच मारली, मुलाच्या कंपासपेटीतला घेऊन. एकावर एक चढणारी धरून साधारण साठ वर्तुळांत अख्खा जिल्हा बसतो.

आणि साठच्या साठ केंद्रं नवी लागत नाहीत ही यातली खरी गंमत. महापालिका, नगरपालिका, नगरपंचायती मिळून पंधरा-वीस गावं आहेतच. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्याच जिल्ह्यात आहेत, तीसेक असतील, आणि ऊस पेटला की लोक आधी कारखान्याचाच बंब बोलावतात हे कुणाला सांगायला नको. फक्त दोन अडचणी. एक, कारखाने ऊसपट्ट्यात एकमेकांना खेटून आहेत आणि माळरानाच्या पट्ट्यात वर्तुळंच्या वर्तुळं रिकामी राहतात. दुसरी, गाळप संपतं मार्चच्या आसपास आणि गोठे जळतात मार्च ते मे. पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं, की कारखान्यावर बंब चालवायला रात्री-दुपारी माणूस कोण असतो? तिथल्या दोन ड्रायव्हरचा तीन महिन्यांचा पगार जिल्ह्यानं दिला तर नवीन केंद्र बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्तात काम होईल असं माझं मत आहे, तज्ज्ञांनी खोडून काढावं.

ज्या रिकाम्या वर्तुळांत काहीच नाही तिथं मोठ्या गावात छोटी गाडी ठेवा. मोठा बंब तसाही पाणंदीत वळत नाही. डाळिंब-द्राक्षाच्या पट्ट्यात ब्लोअर घरटी आहेत, त्याला बसणारं चांगलं नोझल आणि पन्नास फूट पाइप ग्रामपंचायतीत ठेवला आणि गावातल्या दहा पोरांना दोन दिवस ट्रेनिंग दिलं तरी पहिली 20 मिनिटं निभावतील. पुणे-नाशिककडं ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे, एक फोन फिरवला की गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम निरोप वाजतो, चोर असो, बिबट्या असो नाहीतर आग. ते इथं गावोगाव का नाही?

बचावकार्याची कथा पण हीच. मे 2024 मध्ये उजनी धरणाच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली, सहा जण गेले. करमाळा आणि इंदापूर या दोन तालुक्यांतली माणसं रोज ज्या पाण्यावरनं ये-जा करतात तिथं शोधायला एनडीआरएफ पुण्याहून. ती माणसं जीव तोडून काम करतात, प्रश्न तो नाही, पण बुडणाऱ्याला वेळ असतो चार-पाच मिनिटांचा. तिथं कामाला येणार तो काठावरचा मच्छीमारच, मग त्याला लाइफ जॅकेट, दोर आणि इंजिनाची बोट द्यायला काय हरकत आहे?

पैसा नाही असं आता कुणी म्हणू नये. 15 व्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 साठी देशभरातल्या अग्निशमन सेवा वाढवायला 5,000 कोटी ठेवले होते. त्यातलं आपल्या जिल्ह्यात काय आलं, त्यातून काय घेतलं आणि शहराबाहेर किती गेलं एवढं तुमच्या वार्ताहरानं विचारून छापावं. शहरालाही गरज आहे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मे 2025 मध्ये टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. महापालिकेचे बंब असलेल्या शहरात ही गत, आमचं काय सांगू.

आमच्या भावाला पंचनाम्यानंतर मदत मिळेल म्हणतात, दुभत्या जनावराचा सरकारी निकष 37,500 रुपये आहे, त्यात आजच्या बाजारात म्हैस सोडा, म्हशीचं अर्धं अंगही येत नाही, असो.

जिल्हाधिकाऱ्यांकडं आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा दरवर्षी होतो, त्याच्यात पुराची गावं असतात. त्याच्यातच एक पान वाढवा, कुठल्या गावाला आधी कुठला बंब, त्याचा सरळ फोन नंबर, आणि पाणी भरायची जागा. शेततळ्यांना अनुदान दिलंय म्हणजे यादी कृषी खात्याकडं तयार असणारच, तलाठी आणि कोतवालानं फक्त फिरून बघायचं की बंब कुठल्या शेततळ्याच्या कडेला लागतो. आमच्या गावातली मी मोजून ठेवलीत, एकोणीस शेततळी आहेत, त्यातल्या चारांपर्यंत गाडी जाते, आणि चौथ्याच्या वाटेवरची बाभळ तोडावी लागेल.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. सोलापूर