ताई, त्या दिवशी तुम्ही माईक खाली ठेवलात

प्रिय ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलं आहे, म्हणून नुसतं ताई. पण पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे. घरात बसून आभार मानले तर ते आई, दादा आणि मी एवढ्यांतच राहतील, आणि तुम्ही केलेलं काम सांगलीतल्या नि बाहेरच्या नाटकवाल्यांना कळायला हवं.

पहिला फोन मला अजून लख्ख आठवतो. मी म्हटलं, "आमच्या हौशी ग्रुपला मूकबधिरांचं एक नाटक बसवायचंय. तुम्ही दुभाषी म्हणून याल का?" तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत. पहिला, "त्यांच्यात मूक कोण आहे?" मला उत्तर सुचेना. दुसरा, "बसवणार कोण?" मी आमच्या दिग्दर्शकांचं नाव घेतलं. तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत, "मी येते, पण बसवणारा माणूस कर्णबधिर हवा. आणि तुमच्या दिग्दर्शकाला देता तेवढंच मानधन त्याला द्यायचं." खरं सांगते, मला थोडा राग आला होता. आम्ही एवढं चांगलं काम करायला निघालोय आणि ही बाई अटी घालते आहे, असं वाटलं. त्या दोन अटी तुम्ही घातल्या नसत्यात तर आम्ही काय करून बसलो असतो, याचा विचार आला की अजूनही अंगावर काटा येतो. पाठीमागे करुण बासरी, कोपऱ्यात निवेदक, आणि मंचावर आमच्या इशाऱ्यावर हालचाली करणारी माणसं. टाळ्या पडल्या असत्या, लोकांनी डोळे पुसले असते, आणि दादा घरी येऊन नेहमीसारखा गप्प जेवला असता.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, जन्मापासून ऐकू न येणारा. तो ज्या शाळेत होता तिथे ओठ वाचायचे आणि तोंडानं बोलायचं, एवढंच शिक्षण. हात हलले की पट्टी. "मांडीखाली हात घालून बस" हे वाक्य तो अजूनही ओठांवरून क्षणात ओळखतो. त्याच्या हातावरच्या त्या पट्टीचं मूळ कुठे आहे, ते मला तुमच्याकडून कळलं. १८८० साली इटलीत, मिलानला, बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिथे जवळजवळ सगळे ऐकणारेच होते, आणि त्यांनी ठराव केला की शाळांमधून हातांची भाषा काढून टाकायची. त्याच परिषदेनं २०१० साली व्हँकुव्हरला त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. मध्ये १३० वर्षं गेली. त्यातली दहा वर्षं माझ्या दादाची.

तरी भाषा मेली नाही. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे ही भाषा आईच्या मांडीवर मिळत नाही. ती मुलाकडून मुलाकडे जाते. वसतिगृहात रात्री गुरुजी गेले की जिन्यातल्या बल्बखाली मुलं जमायची आणि दिवसभर मांडीखाली दाबलेले हात मोकळे सुटायचे, असं दादानं पहिल्यांदा सांगितलं ते तुमच्यामुळे. तो सांगत होता, तुम्ही मला मराठीत सांगत होतात. चाळीस वर्षांत मी ही गोष्ट ऐकली नव्हती. ऐकणार कशी? आमच्या घरी मोजून तीसचाळीस खुणा होत्या. जेव, ये, पाहुणे आले, पैसे, ताप, बाबा चिडलेत. त्याला बरं नाही का, एवढं आम्ही विचारू शकत होतो. त्याला काय वाटतं, ते विचारता येत नव्हतं.

मग ते रविवार. तुम्ही कोल्हापूरहून एसटीनं यायचात. आल्या आल्या बांगड्या नि घड्याळ काढून पर्समध्ये टाकायचात आणि साडीवर तो काळा लांब कोट चढवायचात. पहिल्या दिवशी मी विचारलं तर म्हणालात, "हात नीट दिसायला हवेत, मागे काही भडक नको." आम्ही खुर्च्या रांगेत मांडल्या होत्या, तुम्ही त्या गोल करायला लावल्यात, कारण रांगेत मागच्याला पुढच्याची पाठच दिसते आणि पाठीला बोलता येत नाही. सगळ्यांचं लक्ष हवं असेल तर दिव्याचं बटण दोनदा चालू-बंद. सगळ्या साध्या गोष्टी. पंचवीस वर्षं नाटकात राबून मला त्यातली एकही माहीत नव्हती.

पुण्याहून आलेले ते कर्णबधिर दिग्दर्शक पहिले दोन रविवार काही शिकवेचनात. नुसत्या गप्पा. मिरजेच्या कर्णबधिर मंडळींची 'रविवार'ची खूण वेगळी, इचलकरंजीकरांची वेगळी, यावर अर्धा तास रंगला. आमचे एक काका म्हणाले, प्रमाण खूण कोणती ते सांगा आणि पुढे चला. तुम्ही त्यांना मोबाईलवर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा कोश दाखवलात. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राच्या कोशात २०२१ च्या आवृत्तीपर्यंत १०,००० शब्द झाले आहेत. आणि लगेच म्हणालात, "कोश हवाच, त्यासाठी लोक किती वर्षं भांडलेत. पण म्हणून मिरजेची खूण पुसायची नाही. तुमच्या मालवणी नाटकाला कोणी पुणेरी बोलायला लावतं का?" काका हसले आणि पुढच्या रविवारपासून वहीत खुणांची चित्रं काढून आणायला लागले.

चित्रकार सतीश गुजराल यांचं नाव दादाला त्याच गप्पांत मिळालं. लहानपणीच ऐकू येणं गेलेला हा मुलगा १९४४ मध्ये मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला आला आणि पुढे मेक्सिकोत दिएगो रिव्हेराकडे जाऊन शिकला. दादा दुकानांचे फलक रंगवायचा. फ्लेक्स आले, ते काम गेलं, तेव्हापासून तो एका छापखान्यात बाइंडिंग करतो. त्या रात्री त्यानं माळ्यावरून ब्रश काढले. केस कडक झाले होते, रॉकेलात भिजत घातले. नाटकाचा मागचा पडदा त्यानंच रंगवला, हे तुम्हाला माहीतच आहे.

आता महापुराबद्दल. हे लिहिताना हात थोडा थांबतो.

ऑगस्ट २०१९. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलापाशी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं घर गावभागात. मी तेव्हा सासरी होते, आई मावशीकडे, दादा घरी एकटा. भोंगा लावून रिक्षा फिरत होती, घरं सोडा म्हणून. त्या रात्री काय झालं, हे आम्हाला एवढंच माहीत होतं की शेजाऱ्यांनी त्याला होडीतून काढलं. चार वर्षं एवढंच.

तालमीत दिग्दर्शकांनी विचारलं, पाणी म्हटलं की काय आठवतं? दादा उठून मध्ये आला. डावा हात छातीसमोर आडवा धरला, तो पूल. उजव्या हाताची बोटं त्याच्या खाली, खूप खाली, कमरेशी, नुसती लवलवत होती. ती वर यायला लागली. घाई नाही. एक बोट कोपराला लागलं आणि त्यानं आमच्याकडे पाहिलं. मग तोच रिक्षा झाला, गाल फुगवून, तोंड भोंग्यासारखं मोठं करून गल्लीतून जाणारी. मग तोच शेजारी, एकेकाची मान वळते, ओठ हलतात, गाठोडी बांधली जातात. आणि मग तो स्वतः, दारात उभा, ज्याची मान वळते तिकडे आपली मान वळवणारा. इकडे. तिकडे. पुन्हा इकडे. काय झालंय ते कुणाच्याच चेहऱ्यावरून कळत नाही. शेवटी त्यानं खाली पाहिलं. बोटं घोट्याशी आली होती.

मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही मराठीत सांगाल म्हणून. तुम्ही ओठ घट्ट मिटून उभ्या होतात. गरजच नव्हती. मला सगळं कळलं होतं, आणि त्याचं बोलणं मला मधल्या माणसाशिवाय कळण्याची ती आयुष्यातली पहिली वेळ. नंतर तुम्ही सांगितलंत, याला हातांची कविता म्हणतात. एकाच माणसानं पूल व्हायचं, पाणी व्हायचं, गर्दी व्हायची, आणि शब्द निवडावा तशी बोटांची ठेवण निवडायची. दादा हे जिन्यातल्या बल्बखाली शिकला होता. त्याला कविता म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

प्रयोग ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, त्या गावात आवाजाशिवायचं नाटक. आदल्या रात्री मदत करणाऱ्या एका गृहस्थांनी आग्रह धरला की प्रेक्षकांना समजायला हवं, सोबत माईकवरून मराठी सांगा. आम्ही सगळे डळमळलो. तुमचा आवाज काय सुंदर आहे, आणि लोकांनी तुमचंच कौतुक केलं असतं. तुम्ही माईक उचललात, त्यांच्यादेखत टेबलावर आडवा ठेवलात आणि म्हणालात, "उद्या वीस मिनिटं मी बोलणार नाही. मग चर्चेला हवं तेवढं बोलते." बोललातही. खरं तर दर वीस मिनिटांनी दुभाषी बदलावा लागतो, डोकं आणि हात दोन्ही थकतात, पण दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून तुम्ही एकट्या दीड तास उभ्या राहिलात. दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं होतं, हे तुमच्या मुलीकडून कळलं. त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. पुढच्या वेळी दोन दुभाष्यांचे पैसे आधी बाजूला काढू, मग पडदा आणि दिवे.

प्रयोग संपला तेव्हा टाळ्या वाजल्या. मग पहिल्या रांगेतल्या मिरजेच्या मंडळींनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले, आणि त्यांचं बघून मागचे, त्यांच्या मागचे. दोनशे माणसांचे हात, पिंपळ सळसळावा तसे, आणि हॉलमध्ये चिटपाखराचाही आवाज नाही. दादा मंचावर उभा राहून ते नुसतं बघत होता.

एकदा चहा पिताना तुम्ही सहज सांगितलं होतं की तुमचे आईवडील दोघंही कर्णबधिर, आणि सातव्या वर्षापासून बँकेत नि दवाखान्यात तुम्हीच त्यांचं बोलणं पोचवत होतात. डॉक्टरांनी वडिलांच्या आजाराचं नाव तुम्हाला सांगितलं, आणि ते तुम्हाला त्यांना सांगावं लागलं. तेव्हा तुम्ही नऊ वर्षांच्या होतात. तुमच्या आईवडिलांनाही हे पत्र दाखवा. त्यांच्या घरातली भाषा आमच्या घरात आली आहे.

आई ७१ वर्षांची आहे. तुम्ही दिलेले व्हिडिओ बघून रोज दोन खुणा शिकते, चुकली की दादा तिचा हात धरून बोटं सरळ करतो. परवा जेवताना तिनं त्याला विचारलं, आमटी कशी झालीये? प्रश्नाचा शब्द शेवटी ठेवून, तुम्ही शिकवलंत तसं. तो म्हणाला, मीठ कमी. आई तेवढ्यानं रडायला लागली. छत्तीस वर्षं त्यानं तिच्या प्रत्येक आमटीला मान डोलावली होती.

आणि मला नाव मिळालं. दादा लहानपणापासून मला वेणी ओढल्याची खूण करून हाक मारायचा. आता माझे केस खांद्यापर्यंतही नाहीत, पण ग्रुपमधल्या सगळ्यांनी मिळून तेच कायम केलं. मिरजेत, इचलकरंजीत आता मी 'वेणी' आहे.

दादानं तुमच्यासाठी तीन मिनिटांचा व्हिडिओ केला आहे, तो वेगळा पाठवते. त्याचं मराठी मी केलेलं नाही. ते त्याचं पत्र आहे. रविवारी साडेदहाच्या एसटीनं या, आई थालीपीठ लावणार आहे, मीठ दादा बघणार आहे.

तुमची,
वेणी
गावभाग, सांगली