साठ हजार फुटांवरचे विमान टिपताना

ह्यूस्टन

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. डिसेंबरात इकडे येताना कोणती लेन्स आणू, असे तू विचारले आहेस. आणि नासाचे डब्ल्यूबी-५७ हे साठ हजार फुटांवरून उडणारे संशोधन विमान इथल्या एलिंग्टन विमानतळाच्या धावपट्टीवर आयते दिसत असताना ते आकाशात शोधण्याचा खटाटोप कशाला, असा टोलाही हाणला आहेस. आधी टोल्याचे उत्तर देतो.

पुण्याच्या लोहगाव तळावरची कॅनबेरा बॉम्बर तुला आठवत असेलच. हे विमान त्याच घराण्यातले, पण याच्या पंखांचा पसारा ३७ मीटर, म्हणजे कॅनबेराच्या जवळजवळ दुप्पट आणि स्वतःच्या लांबीहून कितीतरी अधिक; त्यामुळे जमिनीवर ते अगदीच बेढब दिसते. आपल्या हवाई दलाने कॅनबेरा २००७ साली निवृत्त केली, नासाची विमाने मात्र अजून कामावर आहेत, आणि त्यांतले एक तर ॲरिझोनाच्या वाळवंटात चाळीस वर्षे पडून राहून २०१३ साली पुन्हा उडाले. आशियातल्या मोसमी पावसाचे ढग जमिनीवरचे प्रदूषण किती उंच नेऊन सोडतात, हे तपासायला यांतलेच एक विमान २०२२ च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियात गेले होते. एवढे पंख विरळ हवेत तरंगण्यासाठी आहेत. म्हणून मला त्याचे छायाचित्र तिथलेच हवे असते, मग ते कितीही बारीक येवो.

आणि ते बारीकच येते. साठ हजार फूट म्हणजे सुमारे अठरा किलोमीटर. विमान थेट डोक्यावर असले, तरी ६०० मिमीच्या लेन्समधून सेन्सरवर त्याचे पंख जेमतेम सव्वा मिलिमीटर भरतात; नुसत्या डोळ्यांना ते चंद्रबिंबाच्या पाव भागाहूनही लहान. प्रवासी विमानामागे उमटणारी पांढरी रेघ इथे बहुधा नसते, कारण स्थितांबरातली, म्हणजे इतक्या उंचीवरच्या थरातली, हवा फार कोरडी असते. आवाज कानी आलाच, तर त्या दिशेला मुळीच पाहू नकोस: तो खाली पोचायला मिनिटभर लागते आणि तेवढ्यात विमान दहा-बारा किलोमीटर पुढे गेलेले असते. फोनवरच्या ॲपमध्ये त्याची जागा पाहायची, दुर्बिणीने निळाई विंचरायची आणि सापडले की नजर न हलवता कॅमेरा उचलायचा.

स्वयंचलित फोकसवर अजिबात विसंबू नकोस; रिकाम्या आकाशात तो नुसता पुढेमागे भटकत राहतो. दिवसा चंद्र दिसत असेल तर त्यावर फोकस साधून लेन्सच्या कड्याला चिकटपट्टी लावून टाकायची. पांढरे पोट उन्हात भाजून निघते आणि पत्र्यांचे सांधे पुसले जातात, म्हणून एक्स्पोजर थोडे कमीच ठेवायचे. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर पुरते, कारण तेवढ्या दूरचे विमान संथ सरकते. खरा शत्रू म्हणजे तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवेची थरथर. तिच्यापुढे महागडी लेन्सही हात टेकते, आणि विमान क्षितिजाकडे कलले की चित्राचे पिठले होते. म्हणून तुझा डिसेंबर उत्तम: उत्तरेची थंड लाट येऊन गेली की दुसऱ्या सकाळी आकाश धुतल्यासारखे असते.

तेव्हा ६०० मिमीची लेन्स आण, तिपाई मात्र आणू नकोस. ती माझ्याकडे आहे, पण डोक्यावरच्या विमानासाठी तिचा काडीचाही उपयोग नाही. आरामखुर्चीवर मान टेकून हातातच कॅमेरा धरावा लागतो. उड्डाण कधी होईल ते मात्र आपल्या हाती नाही, म्हणून परतीच्या तिकिटाची तारीख जरा सैल ठेव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर