लॅपटॉपच्या खोक्यावर छापा : एसएसडी बदलता येते की नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागले की पुण्यात लॅपटॉपखरेदीची धांदल सुरू होते. मी लोककलांच्या चित्रीकरणाचे संकलन करते आणि मुलांना संकलन शिकवतेही, त्यामुळे ‘ताई, कोणता घेऊ?’ हा प्रश्न दर पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे येतोच. पालकांच्या अटी ठरलेल्या असतात. वजनाला हलका हवा, कारण पोराला पीएमपी बसच्या गर्दीत पाठीवर वागवायचा असतो. बॅटरी टिकावी. बजेटात बसावा. आतली एसएसडी, म्हणजे सगळ्या फायली साठवणारा भाग, उद्या काढून मोठी बसवता येईल का, हे मात्र कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी काउंटरवर सरळ उत्तर मिळेलच असे नाही. ते उत्तर खोक्यावर छापलेले असावे, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र.

हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ही एसएसडी म्हणजे एम.२ नावाची पट्टी असते. सर्वांत जास्त चालणारी पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, म्हणून तिला दुकानात ‘२२८०’ म्हणतात. वजन दहा ग्रॅमच्या आत. ती बदलणे हे घड्याळजीचे काम नाही. मागच्या कव्हरचे स्क्रू काढायचे, लांब आणि आखूड वेगळे ठेवायचे, प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कडेच्या खाचा सोडवत जायचे. आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, हे महत्त्वाचे. मग एसएसडीच्या टोकाचा एकुलता एक स्क्रू सोडवला की ती आपणहून तिरकी वर येते. नवी पट्टी त्याच तिरक्या कोनात स्लॉटमध्ये सरकवायची, हलकेच आडवी दाबायची, स्क्रू लावायचा. तपकीर गल्लीच्या आसपासच्या दुकानांत पोरे हे काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत करून देतात. विंडोज ११ असेल तर डिस्क बरेचदा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक कुलुपात बंद, झालेली असते, म्हणून ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की आधी उतरवून घ्यावी. बाकी फार काही नाही.

पण काही लॅपटॉपमध्ये ही पट्टीच नसते. साठवणीच्या चिपा थेट मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावर, सोल्डर केलेल्या (डाख देऊन पक्क्या जोडलेल्या) असतात. विकत घेताना जेवढे जीबी घेतले, तेवढेच यंत्र मोडेपर्यंत. ‘हलका पाहिजे ना मॅडम, मग असेच येणार,’ असे त्यावर सांगितले जाते. हे मला पटत नाही. लेनोवोचा थिंकपॅड एक्स१ कार्बन सव्वा किलोच्या आत बसतो आणि त्याची एसएसडी काढता येते. एलजीचा सतरा इंची ग्रॅम जेमतेम १.३५ किलोचा, त्यात तर दोन स्लॉट दिलेले आहेत. फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये आणलेला तेरा इंची लॅपटॉप साधारण १.३ किलोचा आहे, आणि मालकाने स्वतः उघडावा म्हणूनच तो बनवला आहे. त्याच वजनगटातल्या मॅकबुक एअरमध्ये मात्र साठवण बोर्डालाच जखडलेली. रॅमची, म्हणजे चालू कामापुरत्या मेमरीची, गोष्ट वेगळी आहे, हे मान्य करायला हवे. कमी वीज खाणारी वेगवान रॅम प्रोसेसरला खेटून सोल्डर करण्यामागे खरे तांत्रिक कारण होते, आणि त्यावरही आता एलपीकॅम२ हे काढता येणारे मॉड्यूल निघाले आहे. साठवणीला तसले कारण उरलेले नाही.

जागा किती लागते, याचा अंदाज घरात बसून येत नाही. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने केलेले फोर-के चित्रीकरण तासाला ४५ जीबी खाते. पालखी पुण्यात मुक्कामी असते तेव्हा दोन कॅमेरे घेऊन दिवसभर फिरणारा विद्यार्थी संध्याकाळी चारशे-पाचशे जीबी घेऊन येतो. त्याच्या ५१२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि संकलनाचे सॉफ्टवेअर धरून मोकळी जागा साडेतीनशेच्या आसपास. मग सुरू होते ते मी दरवर्षी पाहते: आधीच्या प्रोजेक्टचे मूळ फुटेज पुसायचे. एखाद्या वासुदेवाचे, एखाद्या म्हाताऱ्या शाहिराचे चित्रीकरण जागेपायी पुसले जाते आणि ते परत करता येत नाही. आर्किटेक्चरच्या मुलांच्या थ्रीडी फायली, डेटा सायन्सवाल्यांचे डेटासेट, सगळ्यांचे दुखणे हेच.

‘बाहेरची डिस्क लावा’ हा सल्ला ठरलेला. बॅकअपसाठी ती हवीच, दोन असाव्यात. पण त्या डिस्कवरून थेट संकलन करायचे म्हणजे केबल लोंबकळत ठेवायची. रेल्वेत मांडीवर लॅपटॉप असताना धक्का लागला की टाइमलाइन लाल, म्हणजे सॉफ्टवेअरला फायली सापडेनाशा होतात. आणि क्लाउड? १ टीबी माल १०० मेगाबिटच्या अपलोडने चढवायला, वेग एकदाही न घसरता, बावीस तासांवर लागतात.

वेगाबद्दलही थोडे सांगते, कारण जाहिराती त्याच आकड्यावर चालतात. जुन्या लॅपटॉपची फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देई, जुन्या साटा जोडणीची एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, आणि आजची जेन-फोर एनव्हीएमई जोडणीची एसएसडी सात हजारांपर्यंत. पहिली उडी मोठी होती, तिने आमचे काम बदलले. पुढची उडी रोजच्या कामात फारशी जाणवत नाही. कॅमेऱ्याचे कार्डच सेकंदाला नव्वद एमबी देत असेल तर सात हजारांचे करायचे काय? शिवाय स्वस्त क्यूएलसी पट्टीचा (हिच्या चिपेत एका कप्प्यात चार बिट कोंबलेले असतात) तो आकडा कॅश, म्हणजे तिचा वेगवान तात्पुरता भाग, भरेपर्यंतच खरा असतो. दोनशे जीबी एकदम ओतले की काही पट्ट्या हार्ड डिस्कच्या चालीवर येतात. म्हणून मुलांना मी सांगते, कप्प्यात तीनच बिट ठेवणारी टीएलसी घ्या, वेग थोडा कमी असला तरी चालेल, जागा दुप्पट घ्या. अर्थात हे निवडायचे तर आधी पट्टी निघाली पाहिजे.

सगळ्यात मोठी काळजी दुरुस्तीची. काढता येणारी एसएसडी असेल तर मदरबोर्ड जळाला तरी पट्टी काढून दुसऱ्या लॅपटॉपमध्ये किंवा यूएसबीने जोडायच्या छोट्या डबीत घालता येते, आणि रिकव्हरी की हाताशी असेल तर काम वाचते. सोल्डर केलेली असेल तर बोर्डाबरोबर सगळे जाते. एका मुलीचा पदवीचा लघुपट असाच गेला. सर्व्हिस सेंटरने नवा बोर्ड बसवून लॅपटॉप परत दिला, आत काहीच नव्हते. दुसरे असे, की लॅपटॉप दुरुस्तीला देताना आपले फोटो, बँकेची कागदपत्रे, पासवर्ड सगळे परक्याच्या हातात जाते. पट्टी निघत असेल तर ती घरी ठेवून रिकामे यंत्र देता येते. मुलींच्या पालकांनी एवढ्या एका गोष्टीसाठी तरी हा प्रश्न विचारावा.

२०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने रॅम आणि एसएसडीचे भाव चढले. अशा वेळी मध्यमवर्गीय घराने आज ५१२ जीबी घ्यावेत आणि भाव उतरल्यावर २ टीबी बसवावेत, हा शहाणपणाचा हिशेब आहे. स्लॉट असेल तरच तो जमतो.

ग्राहक पंचायतीचे काम बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये याच शहरात सुरू केले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे पोर्टलही सुरू केले. पुढे रिपेअरेबिलिटी इंडेक्ससाठी, म्हणजे वस्तू दुरुस्तीला किती सोपी याच्या गुणांकनासाठी, वेगळी समिती झाली, मे २०२५ मध्ये तिचा अहवालही आला. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण लावावे लागतात. आपल्याकडे पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार खोक्यावर एमआरपी, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव, तक्रारीसाठी संपर्क छापतात. त्यातच आणखी एक ओळ हवी: साठवण सोल्डर केलेली की स्लॉटमध्ये, स्लॉट किती, किती लांबीचे, दोन्ही बाजूंनी चिपा असलेली जाड पट्टी मावते का, आणि मालकाने स्वतः पट्टी बदलली तर वॉरंटी राहते का. शेवटचा मुद्दा ठसठशीत अक्षरात, कारण ‘कव्हर उघडले की वॉरंटी गेली’ असे तोंडी सांगून गिऱ्हाइकाला गप्प केले जाते. शहरातील ग्राहक संघटनांनी ही मागणी विभागाकडे लावून धरावी, आणि आपल्या दैनिकानेही लॅपटॉपची ओळख करून देताना किंमत-वजनाच्या शेजारी ही माहिती द्यावी, ही विनंती.

तोवर पालकांना एक सांगणे. दुकानात जाण्याआधी मॉडेलचे पूर्ण नाव घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचे सर्व्हिस मॅन्युअल उघडा. डेल, एचपी, लेनोवो ते फुकट ठेवतात. एसएसडी काढण्याची कृती त्यात चित्रांसह दिलेली असेल तर प्रश्न मिटला. सापडली नाही, तर ‘एसएसडी बदलता येते’ हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या, आणि तो लिहून देत नसेल तर दुसरे मॉडेल पाहा.

आपली,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे